खरवडीची आई हजर आहे

माझं अक्षर चांगलं नाही, आणि शुद्धलेखनाच्या चुका तर जागोजागी असतील. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कधी नीट कळलंच नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा जोडाक्षरं अर्धीच शिकून झाली होती. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कोणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. मुलगी म्हणते, आई, एवढे कष्ट कायले, फोनमध्ये बोल, तोच लिहून देते. ते मला माहीत आहे. पण ही गोष्ट एका आवाजाची आहे, आणि ती तोंडानं सांगायची मला भीती वाटते. सांगायला लागले की मागे कोणीतरी उभं राहून ऐकतं आहे असं वाटतं. म्हणून लिहिते.

मी सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं लिहीत नाही. पोरं मला काकू म्हणतात आणि त्यांच्या आयाही काकूच म्हणतात. मी फार बोलणारी बाई नाही. लग्नाला गेले तर भांडी घासायला बसते, म्हणजे कोणी काही विचारत नाही. मॅडम मधल्या सुट्टीत चहाला बोलवायच्या तर मी माझा कप उचलून स्वयंपाकाच्या खोलीत यायचे. पातेल्यांसमोर बसून पिण्यातच मला बरं वाटायचं.

लॉकडाऊन लागलं आणि शाळेला कुलूप पडलं. पोरांच्या वाट्याचे तांदूळ आणि हरभरे आता घरी द्यायचे होते. कोणी कधी यायचं ते कळवायला तिसरीच्या मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला आणि मलाही त्यात घेतलं, कारण तांदूळ मीच मोजून देणार होते. माझ्या फोनमध्ये सगळ्या आयांचे नंबर टाकायचे होते. पोरांची नावं जोडाक्षरांची. मला ती लिहिता येईनात. मग मला प्रत्येक पोर जसं ओळखीचं होतं तसंच मी लिहिलं. एक पोरगा रोज दोन वेळा वाढून घ्यायचा, त्याच्या आईचा नंबर ‘दोनदा’. एकाला मिरची चालायची नाही, ते ‘बिनतिखट’. आणि एक बारकी पोरगी होती, सगळे जेवून झाले तरी ताट घेऊन दाराशी उभी राहायची, पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड मागायची. तिच्या आईचा नंबर मी ‘खरवड’ म्हणून ठेवला.

तांदळाचा ग्रुप हळूहळू अभ्यासाचा झाला. शाळा काही उघडेना. मॅडम रोज सकाळी लिहायच्या. छान लिहायच्या, पण लांब. आज गणिताचं अमुक पान करा, घरातल्या वस्तूंचे गट पाडा, मुलांना आठवण सांगा, मुलं चिडचिड करत असतील तर रागावू नका, जवळ घ्या. त्याखाली एकामागून एक अंगठे यायचे. मॅडम खूश व्हायच्या की सगळ्यांनी वाचलं. मी ते अंगठे पाहायचे आणि मला कसंतरी व्हायचं. शेवटी एकदा तांदूळ वाटताना मी बोललेच.

“मॅडम, ते अंगठे म्हणजे हो नाही.”

“मग?”

“आपल्या शाळेत आईची सही म्हणून येते ना, तो अंगठा आहे तो. अर्ध्या जणींनी वाचलंच नाही.”

मॅडम मास्कच्या आत हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “तुम्हाला वाचता येतं ना, काकू? मग तुम्ही बोलून टाका. मी लिहीन, तुम्ही सांगा.”

पहिला निरोप मी न्हाणीघरात दार लावून बोलले. मॅडमनी लिहिलं होतं घरातल्या वस्तूंचे गट पाडा. मी म्हणाले, “बायांनो, रेशनचे हरभरे घ्या. पाच-पाचचे ढीग करा. लेकराले विचारा किती ढीग झाले. मंग तेच हरभरे भिजू घाला.” बोट उचललं आणि ते गेलं. परत आणता येईना. मी फोन बादलीवरच्या पाटावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

पण तिकडून उत्तरं आली, आणि तीही बोलून. बाया बोलायला लागल्या. कोणाच्या मागे कूलरची घरघर, कोणाच्या मागे सासूचं खोकणं. माझ्या तोंडून एकदा चुकून निघून गेलं, “आज बिनतिखटचा गृहपाठ नाही आला,” आणि ग्रुपभर हसणं झालं. “काकू, आमच्या पोट्ट्याचं नाव का हाय तुमच्याकडं, सांगा ना!” मला सगळी नावं सांगावी लागली. त्यानंतर आम्ही त्याच नावांनी बोलायला लागलो. दोनदाची आई म्हणायची, “सकाळी च्या मांडला का काकूचा रेडिओ लागलाच पाह्यजे. नवऱ्याचं ऐकत नाही मी, पण काकूचं ऐकतो.” मला तोंड दाखवावं लागत नव्हतं म्हणून मी बोलू शकत होते. सकाळच्या त्या वेळेची मी वाट बघायचे. पोरं चौथीत गेली तेव्हा मॅडमना मी म्हणाले, आता मी काठावर आले, याच्या पुढचं मलाच येत नाही. त्या म्हणाल्या, पोरांसोबत शिका.

खरवडीच्या आईजवळ आधी साधा, बटणांचा फोन होता. बंगल्यांवर घरकाम करायची, ते सुटलं होतं. नवरा ई-रिक्षा चालवायचा, ती घरापुढे उभी होती. तरी तिनं चौकातल्या मोबाइलच्या दुकानातून हप्त्यावर मोठा फोन घेतला. नवरा ओरडला. ते आम्हाला तिनंच सांगितलं, सगळ्या ग्रुपला, हसत हसत. “मी म्हटलं, पोरीची शाळा फोनमंदी गेली, तं मंग फोन नको का घ्याले? तुमची रिक्षा बंद, माह्या तोंडाचा पट्टा तं चालू हाय ना!”

ती माझ्या उलट होती. सकाळी मॅडमनी ‘हजेरी’ एवढं लिहिलं की पहिला आवाज तिचा. बाकीच्या म्हणायच्या, पोरगा हजर आहे, पोरगी हजर आहे. ती म्हणायची, “जयभीम मॅडम, जयभीम काकू. खरवडीची माय हजर हाय.” स्वतःचीच हजेरी लावायची. मॅडमनी एकदा विचारलं, मुलगी कुठे आहे? तर म्हणाली, “मी हजर हाय म्हणून ते हजर हाय. नाही तं कवाच पळाली असती.”

एक दिवस तिनं हजेरी बोलताना मागे कुकर लावलेला होता. “जयभीम मॅडम, हजर हा... थांबा, थांबा, शिटी होऊ द्या.” मग मोठी शिट्टी, मग पोरीचं खिदळणं, आणि मग ती, “झाली. हजर हाय.” दोनदाच्या आईनं आपल्या ओट्यावर ते ऐकलं आणि स्वतःचाच कुकर समजून गॅस बंद केला. त्या दिवशी त्यांच्या घरी कच्चा भात खाल्ला. ती तक्रार करायला लागली तर खरवडीची आई म्हणाली, “शिटी मोजाले शिक वं, पोरगं तिसरी पास झालं!”

दुसऱ्या लाटेत ती गेली.

उन्हाळा होता. रस्त्यावर माणूस नव्हता, फक्त अ‍ॅम्ब्युलन्सचे आवाज दिवसभर यायचे, जवळ यायचे आणि दूर जायचे. तिला आधी ताप आला. मग दम लागायला लागला. नवऱ्यानं रिक्षात घालून तिला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. जागा मिळाली तेव्हा उशीर झाला होता. पोरीनं तिला नंतर पाहिलं नाही. आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. मॅडमनी ग्रुपवर एक ओळ लिहिली आणि ती ओळ मला बोलून सांगावी लागली. न्हाणीघरात दार लावून मी ती बोलले. मला आठवतं, त्या दिवशी कोणीच अंगठा लावला नाही.

मॅडमनी काही दिवस हजेरी घेतली नाही. मग एका सकाळी लिहिलं, ‘हजेरी’. मी भाकरी थापत होते. फोन वाजला. नाव आलं ‘खरवड’. मी पिठाच्या हातानंच दाबलं.

“जयभीम मॅडम, हजर हा... थांबा, थांबा, शिटी होऊ द्या.”

शिट्टी झाली. पोरगी खिदळली. “झाली. हजर हाय.”

तव्यावरची भाकरी जळून गेली तरी मी तशीच उभी होते. आमच्याकडे आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही आणि भूतही नाही. मी कधी मानलं नाही. पण भीती वाटायला मानावं लागत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

लगेच दोनदाच्या आईचा फोन आला. ती रडत होती.

“काकू, ऐकलं का वं? ऐकलं का तुम्ही?”

“हाव.”

“मी गॅस बंद केला, काकू! शिटी ऐकली अन् माह्या हात आपोआप गेला. माह्या कुकर तं ओट्यावर नव्हताच. ते कुठून बोलून राहिली?”

दुसऱ्या दिवशी हजेरीला पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही. बाया घाबरल्या. एकीनं सांगितलं की तिचं पोरगं अंथरुणात मुततं आहे. एकीच्या सासूनं फोनला लिंबू-मिरची बांधली. एक-एक जण ग्रुप सोडून जायला लागली. ‘सोडून गेल्या’ असं खाली बारीक लिहून येतं, ते मी वाचत होते. ज्या राहिल्या त्या हजेरी आली की फोन उशीखाली ठेवायच्या.

मी तो निरोप पुन्हा पुन्हा बघत होते, ऐकत नव्हते. तेव्हा माझं लक्ष गेलं. आवाजाच्या डोक्यावर तिरक्या बारीक अक्षरात काहीतरी होतं. जोडाक्षर होतं. मी बोट ठेवून लावलं. फॉ. र. व. र्ड. फॉरवर्ड केलेलं. आमच्या ग्रुपमध्ये बाया बोलतात, ऐकतात, लिहिलेल्यावरून डोळा सरकवतात. ती बारीक अक्षरं कोणीच वाचली नव्हती. मीही नाही. मेलेली बाई रोज नव्यानं बोलते असंच आम्ही सगळ्या समजून बसलो होतो.

मी त्यांच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून आहे. बाप रिक्षाच्या मागच्या सीटवर दाराकडे पाठ करून बसला होता. पोरगी आत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर आईचा फोन. मी दारातूनच विचारलं, “तू पाठवतेस का वं बाई, हजेरी?”

तिनं मान हलवली. मग मला करून दाखवलं. जुन्या निरोपावर बोट दाबून धरलं, बाण आला, बाण दाबला, ग्रुप निवडला. सगळं अगदी नीट.

“तुह्या आवाजात काहून नाही सांगत?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बापानं बाहेरूनच सांगितलं, पाठ न वळवता, “ते बोलत नाही, काकू. तिची माय गेली तवापासून एक शबूद नाही. दवाखान्यात दाखवू कुठी, दवाखान्याकडं जाची हिंमत होत नाही मले.”

म्हणजे तिच्याकडे हजर म्हणायला दुसरा आवाजच नव्हता.

घरी आले तर ग्रुपवर भांडण चालू होतं. बिनतिखटची आई तिखट बोलायची. “आमची लेकरं अभ्यासाले बसतात का भुताले आयकाले? काढा तो नंबर.” मॅडमनी मला फोन केला. म्हणाल्या, काढायचा हक्क तुम्हालाही दिला आहे, तुम्ही यांना ओळखता, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी नंबर उघडला. खाली लाल अक्षरात ‘काढून टाका’ होतं. ते दाबलं असतं तर आवाज थांबला असता. पण त्या पोरीची शाळा म्हणजे तेवढा नंबरच होता. तो काढला की ती त्या भिंतीपाशी एकटी, आणि तिला कोणी हजेरी विचारणार नाही.

मी फोन ठेवून दिला, तर दुसऱ्याच दिवशी वेगळं संकट आलं. पोरीचा बाप माझ्या दारात उभा. मी त्याला आत बोलवलं, तो आला नाही.

“काकू, तुम्ही ग्रुपवर सांगून द्या. उद्यापासून नाही येणार पोरगी. दुकानवाला फोन घेऊन जाते म्हणते. हप्ते थकले.”

“अन् तो आवाज?”

“त्यातच हाय. तो म्हणते पुसून टाकीन अन् दुसऱ्याले विकीन.” मग म्हणाला, “मी बी आयकतो ना रोज. पोरगी पाठवते तवा. मी रिक्षात बसून आयकतो.”

तो गेला. मी उंबऱ्यातच बसले. खरं सांगायचं तर मनात एक विचार येऊन गेला, की बरं झालं. फोन गेला तर आपोआप सगळं बंद होईल, मला काही दाबावं लागणार नाही, सकाळी मानेवर काटा येणार नाही. मग मला ती पोरगी दिसली, भिंतीला टेकून, मांडीवर काहीच नाही.

मी चौकात गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत वाकून जावं लागलं. दुकानवाला भाऊ तरुण माणूस, स्टुलावर बसून रिचार्ज मारत होता.

“बोला काकू, किती टाकू?”

“रिचार्ज नाही. तो हप्त्याचा फोन. खरवडी... ई-रिक्षावाल्याच्या घरचा.”

“त्याचं काय?”

“नेऊ नका.”

“अरे वा! मी का दानपेटी मांडून बसलो, काकू? माह्या बी माल उधारीचा हाय. चार जणं मेले माह्ये गिऱ्हाईक, चारही फोन सोडून देऊ का?”

परत वाकून बाहेर यावं असं वाटलं. मी तिथे उभी राहिले कारण वळलं की शटरखालून जाताना तो मागून काहीतरी म्हणेल आणि ते मला ऐकावं लागेल.

“काकू, काहून उभ्या?”

“त्यात तिचा आवाज आहे,” मी म्हणाले. “पोरगी त्याच आवाजात हजेरी लावते.”

त्यानं हातातला फोन खाली ठेवला. “म्हणजे?”

मी सांगितलं. शिट्टीचं सांगितलं, बाणाचं सांगितलं. इतकं सलग मी कोणा परक्या माणसासमोर आयुष्यात बोलले नव्हते. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, “आवाज तं तुमच्या फोनमध्ये बी असन, पोरीले तिथून आयकवा. फोन परत द्या.”

“अन् शाळा?”

त्यानं डोकं खाजवलं. “पाहा काकू, मी माणूसच हाय. पण पैसे माह्ये बुडाले नाही पाह्यजे. कोणी जामीन राहते का? तुम्ही राहता?”

“राहते,” मी म्हणाले. माझा पगार कसला, खिचडीचं मानधन, तेही मागेपुढे यायचं. पण शब्द तोंडातून गेला होता, ग्रुपवरच्या निरोपासारखा.

“त्यानं हप्ता नाही भरला तं तुमच्या दारात येईन, काकू. मंग बोलू नका.”

“मी कुठे बोलते,” मी म्हणाले. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

त्या दुपारी मी ग्रुपवर बोलले. न्हाणीघरात नाही, खोलीत, दार उघडं ठेवून. लिहून काढलं होतं पण वाचता आलं नाही, म्हणून तसंच बोलले. “बायांनो, ते भूत नाही. त्याच्यावर बारीक अक्षरात फॉरवर्ड लिहिलं आहे, पाहून घ्या. पोरगी पाठवते. तिचा आवाज बंद झाला आहे म्हणून मायचा आवाज लावते. मी नंबर काढणार नाही. ज्याले भेव वाटते त्यानं उशीखाली ठेवा, पण ग्रुप सोडू नका. सगळे गेले तं ते कोणाले हजर म्हणन?”

निळ्या खुणा एकेक येत गेल्या. कोणी काही बोललं नाही. संध्याकाळपर्यंत कोणी नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या सकाळी मॅडमनी ‘हजेरी’ लिहिलं. शिट्टी झाली, खिदळणं झालं. “झाली. हजर हाय.” आणि मग दोनदाच्या आईचा आवाज आला, घसा बसलेला, “आयकलं वं बाई. शिटी झाली, आयकलं. पोरगी हजर हाय, मॅडम, लिहून घ्या.” मागून बिनतिखटच्या आईचाही आवाज आला. ती फक्त म्हणाली, “हाव. हजर.” पुढे ते रोजचंच झालं. ती बोलायची, आणि आमच्यापैकी कोणीतरी तिला ओ द्यायचं. गेलेल्या माणसाला ओ देऊ नये म्हणतात. आम्ही दिली. सोडून गेलेल्यांपैकी काही जणी मॅडमना सांगून पुन्हा आल्या, काही कधीच आल्या नाहीत.

मला सवय झाली असं मी म्हणणार नाही. ‘खरवड ऑनलाइन’ असं वर दिसायचं तेव्हा माझा हात जागीच थांबायचा. कधी ‘टाइप करत आहे’ असं यायचं, खूप वेळ यायचं, आणि काहीच यायचं नाही. मी त्या तीन ठिपक्यांकडे बघत बसायचे. माहीत असायचं की पोरगी आहे. तरी वाटायचं, कोण आहे?

शाळा उघडली. ताटं घेऊन रांग लागली. पोरं उंच झाली होती, मला काही ओळखूच आली नाहीत. ती पोरगी आली, ताट पुढे केलं, बोलली नाही. मी वाढलं. मॅडमनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि हजेरीला तिनं फक्त हात वर करायचा असं ठरवलं. बरेच महिने तेच चाललं.

मग एका दिवशी, मी स्वयंपाकाच्या खोलीत तांदूळ धूत होते. पलीकडच्या वर्गात हजेरी चालू होती. पोरांचे आवाज एकामागून एक येत होते. आणि त्यात एक आवाज आला.

“हजर हाय.”

माझ्या हातातून पातेलं सुटलं. पाणी आणि तांदूळ सगळीकडे. तो तिचाच आवाज होता. तोच ओढून बोलायचा ‘हाय’, तोच शेवटी हसरा. मी धावत वर्गाच्या दाराशी गेले. कोणाला बघायला गेले ते मला आजही सांगता येणार नाही. पोरगी उभी होती, हात वर, तोंड लाल झालेलं. सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. मॅडमच्या हातातला पेन थांबला होता. एवढे महिने ती एकच निरोप ऐकत आली होती, आणि तिचं बोलणं परत आलं ते आईच्या आवाजातच आलं. मोठी होत चालली तसा तो आवाज अजूनच आईचा होतो आहे. ती मला मागून ‘काकू’ म्हणते तेव्हा मी लगेच वळत नाही. आधी डोळे मिटते, मग वळते.

हप्त्यांचं म्हणाल तर बाप कधी भरायचा, कधी नाही. रिक्षा चालू झाली तरी घरचं एकट्यावर होतं. दुकानवाला कधी माझ्याकडे बघून नुसतं खाकरायचा, मी समजायचे आणि मानधनातून थोडं द्यायचे. बापाला कळलं तेव्हा तो रागावला. “तिनं घेतला होता, काकू. तिच्या नावावर हाय. तुम्ही नका भरू, तिचं मी फेडीन.” माझं आधी परत केलं, एका पिशवीत संत्री आणि त्यात खाली घडी घातलेल्या नोटा. मग दुकानाचं. फोनची काच एव्हाना तडकली होती, बॅटरी अर्धा दिवसही पुरायची नाही. तरी तो भरत राहिला.

या हिवाळ्यात तो मला न्यायला आला. पोरगीही सोबत होती. म्हणाला, शेवटचे आहेत, तुम्ही जामीन होत्या, तुमच्यासमोर देतो. आम्ही तिघं दुकानात गेलो. आता शटर पूर्ण वर होतं, आत काचेची कपाटं आली होती. दुकानवाल्यानं तडकलेला फोन पाहिला.

“एक्सचेंजमध्ये टाकता का, दादा? नवा लावून देतो, हप्त्यानं.”

“नाही,” पोरगी म्हणाली. दुकानवाल्यानं चमकून वर पाहिलं. त्यानं तिच्या आईला फोन विकला होता, तो आवाज त्यालाही आठवत असणार.

बापानं शर्टाच्या खिशातून नोटा काढून काचेवर ठेवल्या. दुकानवाल्यानं मोजल्या, एकदा ओल्या बोटानं, एकदा कोरड्या. शेवटची नोट माघारी सरकवायला गेला, तर बापानं ती परत पुढे लोटली.

“पुरे घ्या,” तो म्हणाला. “तिच्या नावावर काही नको.”

दुकानवाल्यानं सगळे पैसे गल्ल्यात टाकले आणि गल्ला लावला. “झालं, काकू. पूर्ण फिटले.”